स्टार्टअपमध्ये नोकरी करावी का? गावाकडून नेहमी येणारे प्रश्न

रविवारी दुपारी मी आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत बसते. तिथं आणि व्हॉट्सअपवर यवतमाळ, वाशिम, अमरावती, वर्ध्याकडचे पोट्टेपोट्टी अन त्यांचे मायबाप फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून एका जागी लिहून ठेवते. ९ वर्षांत मी ३ स्टार्टअपमध्ये काम केलं. पहिली कंपनी एका मोठ्या कंपनीनं विकत घेतली, दुसरी बंद पडली, तिसरीत आजही आहे आणि घरूनच काम करते. प्रश्नांना नंबर टाकले आहेत, म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगावी लागणार नाही.

१. ताई, स्टार्टअप म्हणजे नेमकं काय? नवीन कंपनी म्हणजे स्टार्टअपच ना?

नाही. कोणी नवीन जिनिंग टाकली तर तो धंदा झाला, तो पहिल्या हंगामापासून कमवायला पाहते. स्टार्टअपला एखादी गोष्ट लय लवकर लय लोकांपर्यंत न्यायची असते आणि तोवर ती गुंतवणूकदाराच्या पैशावर तोट्यात चालते. तोट्यात चालणं हा काही गुन्हा नाही, पण तुमचा पगार गिऱ्हाइकाच्या पैशातून येते का गुंतवणूकदाराच्या, हे माहीत पाहिजे, कारण गुंतवणूकदारानं हात आखडला का पहिले पगारावरच येते.

आणखी एक. केंद्र सरकारनं १६ जानेवारी २०१६ ला स्टार्टअप इंडिया सुरू केलं, त्यात डीपीआयआयटी या केंद्राच्या उद्योग खात्याकडून कंपनीला स्टार्टअप म्हणून मान्यता मिळते. बरेच जण ते सर्टिफिकेट दाखवून "सरकारमान्य कंपनी आहे" म्हणतात. ती मान्यता टॅक्स आणि कागदपत्राच्या सवलतीसाठी असते, पगाराची हमी त्यात कुठंच नाही.

२. करिअर बनते का बिघडते, एका वाक्यात सांगा.

शिकवणारा माणूस वर असला आणि घरी काही महिन्यांचा दम असला तर बनते, दोन्ही नसलं तर बिघडू शकते. दम म्हणजे काय ते पुढच्या प्रश्नात.

३. आमची घरची परिस्थिती साधारण आहे, ५ एकर कोरडवाहू वावर. आम्ही रिस्क घ्यावी का?

माझ्या मते हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे आणि पुण्या-मुंबईचे सल्ले देणारे लोक हाच सोडून देतात. पुण्यात ज्याचं स्वतःचं घर आहे त्याची कंपनी बुडली तर तो ४ महिने घरी बसून आरामात दुसरी शोधते, आईच्या हातचं जेवते. आपल्याले खोलीचं भाडं चुकत नाही. दोघांची कंपनी एकच, पद एकच, पण रिस्क सारखी नाही.

हिशोब क्विंटलमध्ये करा, मी तसाच करते. पुण्यात वाटून घेतलेली खोली, मेस, बस, मोबाईल धरून महिन्याला १६ हजार लागतात असं धरू. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल. म्हणजे पगाराविना एक महिना म्हणजे घरचं ३ क्विंटल सोयाबीन, आणि हमीभाव प्रत्यक्ष हाती किती जणांच्या पडते ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ३ महिने बसले तर ९ क्विंटल, बरं साल असलं तरी कोरडवाहूत दीड-दोन एकराचं पीक झालं ते. पगाराविना एवढं झेपणं म्हणजेच दम. हे झेपत असेल तर खुशाल जा. झेपत नसेल तर पहिले एखादी नियमित पगाराची नोकरी करा, ५०-६० हजार बाजूला पडू द्या, अन मग जा. उशीर झाला असं काही होत नाही, २५-२६ व्या वर्षी पण स्टार्टअपमध्ये घेतात.

एज्युकेशन लोन असेल तर अजून सांभाळून. त्यात वडील सहकर्जदार असतात, तुमचा हप्ता चुकला का त्यांचाही सिबिल पडते, आणि मग बँकवाला पीककर्जाच्या वेळी त्यांना दहा चकरा मारायला लावते. तुमची रिस्क अशी वावरापर्यंत पोचते, म्हणून दम मोजताना १६ हजारात लोनचा हप्ताही मिळवा.

४. नागपुरात मिहानमध्ये मोठ्या कंपनीची ३.५ लाखाची ऑफर आहे अन पुण्याच्या स्टार्टअपची ५ लाखाची. कोणती घेऊ?

पहिले ५ लाखात पक्के किती ते विचारा. व्हेरिएबल, बोनस, "परफॉर्मन्सवर" असं लिहिलेलं सगळं वजा करा. समजा हातात ३६ हजार आले अन १६ हजार खर्च गेला, २० उरले. नागपुरात हातात २५ हजार, बेलतरोडी-मनीषनगरकडे खोली घेऊन राहिलात तर १० हजारात भागते, १५ उरले. म्हणजे कागदावर दीड लाखाचा फरक दिसते तो खिशात महिन्याला ५ हजाराचा आहे. ५ हजारासाठी निर्णय घेऊ नका.

निर्णय यावर घ्या की पहिले दोन वर्षं तुमचं काम कोण तपासणार. मोठ्या कंपनीत ट्रेनिंग असते, पण बेंचवर, म्हणजे काम न देता नुसतं, बसवलं तर वर्ष वाया जाते, माझ्या बॅचच्या दोघींचं तसं झालं. स्टार्टअपमध्ये पहिल्याच आठवड्यात खरं काम हातात येते, पण वर कोणी अनुभवी नसलं तर तुम्ही चुकीचंच पक्कं शिकता. इंटरव्ह्यूत सरळ विचारा, "मी ज्यांना रिपोर्ट करणार त्यांचा अनुभव किती, त्यांच्याशी एकदा बोलता येईल का?" उत्तर "आमच्याकडं सगळे सारखेच आहेत, कोणी सिनियर नाही" असं आलं, तर फ्रेशरनं तिथं जाऊ नये. ४-५ वर्षं काम केलेल्याला चालून जाते.

५. कंपनी खरी आहे का बोगस, गावात बसून कसं ओळखावं?

मोबाईलवरच ओळखता येते, अर्धा तास लागते.

एमसीएच्या (केंद्राचं कंपनी खातं) साईटवर कंपनीचं नाव टाकलं का नोंदणी कधी झाली, डायरेक्टर कोण, शेवटचा ताळेबंद कोणत्या तारखेचा भरला हे फुकटात दिसते. ३ वर्षं जुनी कंपनी अन ताळेबंद एकही भरलेला नाही, म्हणजे तिथं थांबा. दुसरं, ईपीएफओच्या (पीएफ सांभाळणारं सरकारी कार्यालय) साईटवर एस्टॅब्लिशमेंट सर्च आहे, त्यात कंपनीनं कोणत्या महिन्याचा पीएफ कधी भरला अन किती माणसांचा भरला हे दिसते. हे फार थोड्या जणांना माहीत आहे. इंटरव्ह्यूत "आमची २०० लोकांची टीम आहे" सांगून राहिले आणि पीएफ ३१ जणांचा भरला, तर बाकीचे कसे ठेवले ते विचारा (उत्तर बहुतेक प्रश्न ६ मध्ये सापडेल). अन ती ३१ ची संख्या दर महिन्याला कमी होऊन राहिली असेल, तर माणसं चालली आहेत.

तिसरं, लिंक्डइनवर तिथून सोडून गेलेले दोघंतिघं शोधा अन एकच प्रश्न विचारा, पगार तारखेला यायचा का. लोक खरं सांगतात, मी आजवर विचारलेल्यांपैकी एकानंही टाळलं नाही.

नोकरीसाठी डिपॉझिट, लॅपटॉपचे पैसे, ट्रेनिंग फी मागितली तर ती नोकरी नाही, फसवणूक आहे. यात कसलाही अपवाद नाही.

६. ऑफर लेटरवर "कन्सल्टंट" लिहिलं आहे, पीएफ नाही, १० टक्के टीडीएस कापतात. चालते का?

कामाचे तास त्यांचे, लॅपटॉप त्यांचा, सुटी त्यांना विचारून घ्यायची, म्हणजे तुम्ही नोकरदारच आहात, कागदावर फक्त कन्सल्टंट दाखवलं. २० किंवा जास्त माणसं कामाला असली का पीएफ कायदा लागू होते, तो टाळायला बऱ्याच ठिकाणी असं करतात. पीएफमध्ये १२ टक्के तुमचे अन १२ टक्के कंपनीचे जातात, म्हणजे कन्सल्टंट झालात तर कंपनीचा वाटा गेला, ग्रॅच्युइटी गेली, आणि पुढच्या नोकरीत अनुभव दाखवायला यूएएनवर (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) नोंद नाही. कापलेला टीडीएस, म्हणजे आधीच कापून सरकारकडं भरलेला टॅक्स, रिटर्न भरून बराचसा परत मिळते, तो बुडाला असं समजू नका, पण रिटर्न भरावंच लागते.

अपवाद आहेत. कंपनीत ८-१० माणसं असली तर पीएफ नसणं कायद्यात बसते. पहिलीच नोकरी आणि बेसिक पगार पीएफच्या मर्यादेपेक्षा जास्त असला तरी कंपनी तुम्हाला बाहेर ठेवू शकते. अशा वेळी पगार तेवढा वाढवून मागा आणि स्वतः आरडी लावा. पीएफ एवढा महत्त्वाचा काहून ते प्रश्न ८ च्या शेवटी लिहिलं आहे.

७. ईसॉप म्हणजे काय? ते म्हणतात पगार कमी पण ईसॉप देतो, करोडपती होशील.

ईसॉप म्हणजे काही वर्षं टिकलात तर कंपनीचे शेअर ठरलेल्या किमतीत घ्यायचा हक्क. वरुड-मोर्शीकडचे असाल तर लगेच समजेल. संत्र्याची कलम लावली अन मालकानं सांगितलं, "४ वर्षं राबलास तर बगीच्यातली १० झाडं तुझी." पहिलं वर्ष पुरं व्हायच्या आत सोडून गेलास तर एकही झाड नाही. आपल्याकडं कंपनी कायद्याच्या नियमानंच दिल्यापासून निदान १ वर्ष थांबावं लागते, पुढं बहुतेक कंपन्या ४ वर्षांत थोडे थोडे देतात. पण झाडं तुझी झाली म्हणजे पैसे आले का? नाही. बहार यावा लागते, व्यापारी यावा लागते, त्यानं माल उचलून पैसे द्यावे लागतात. व्हॅल्युएशन (कंपनीची लावलेली किंमत) म्हणजे बहार झाडावर असताना व्यापाऱ्यानं तोंडी सांगितलेला भाव. गारपीट झाली तर तो भाव कोणालेच मागता येत नाही.

खरोखर पैसे झालेले लोक आहेत, हे मी नाकारत नाही. चेन्नईतून सुरू झालेली फ्रेशवर्क्स ही सॉफ्टवेअर कंपनी सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात लिस्ट झाली तेव्हा तिथले ५०० च्या वर कर्मचारी करोडपती झाल्याचं संस्थापकांनी सांगितलं होतं. पण माझ्या स्वतःच्या पहिल्या कंपनीची विक्री झाली तेव्हा माझ्या ईसॉपचे जे आले त्यात घरच्या मोटारपंपाची दुरुस्ती झाली अन थोडे उरले. आनंदच झाला, पण त्या भरवशावर मी पगार कमी घेतला असता तर तोट्यात गेले असते.

तीन गोष्टी लेखी विचारा. एकूण शेअर किती आहेत, म्हणजे तुमचे १००० कितीतले १००० ते समजेल. शेअर घेताना एकाला किती पैसे भरायचे. नोकरी सोडल्यावर किती दिवसांत घ्यावे लागतात, पुष्कळ ठिकाणी ९० दिवसच देतात. आणि टॅक्स. शेअर घेताना बाजारभाव अन तुमची किंमत यातल्या फरकावर पगारासारखा टॅक्स लागते, विकले नसले तरी. सरकारनं काही ठराविक स्टार्टअपना हा टॅक्स पुढं ढकलायची सवलत दिली आहे, आपल्या कंपनीला ती आहे का ते एचआरला विचारा. माझा हिशोब साधा आहे, पगार ठरवताना ईसॉपची किंमत शून्य धरते.

८. पगार लांबून राहिला. मालक म्हणते फंडिंग येऊन राहिलं. किती दिवस थांबू?

दुसरी तारीख चुकली का थांबू नका, म्हणजे राजीनामा फेकू नका पण त्याच दिवशी शोधायला लागा.

मी ४ महिने थांबले होते. दुसऱ्या कंपनीत आम्ही चाळीसेक जण होतो, काम मनापासून आवडायचं, माणसं चांगली, संस्थापक स्वतः रात्री २ वाजेपर्यंत बसायचे. पहिल्या महिन्यात पगार १२ तारखेला आला, दुसऱ्या महिन्यात २० ला अर्धा, मग आलाच नाही. दर सोमवारी मीटिंग व्हायची अन सांगायचे का करार सहीला गेला आहे. ते खोटं बोलत होते असं मला आजही वाटत नाही, त्यांना स्वतःलाच खात्री होती. पण मी घरी सांगितलं नाही, मैत्रिणीकडून उसने घेतले, आणि शेवटी बाबांना फोन केला तेव्हा सोयाबीन घरात होतं, भाव पडलेला, अजून महिनाभर ठेवायचा त्यांचा विचार होता. त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडी भरली. मला काही बोलले नाहीत. त्या दिवसापासून मी कोणालाही "मनाला वाटलं तर थांब" असं सांगत नाही, तारीख सांगते.

आता कायद्याचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवे कामगार कायदे लागू झाले, त्यातल्या वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असते आणि नोकरी सोडली, काढलं किंवा कंपनी बंद झाली तर कामाच्या २ दिवसांत बाकी पगार. पैसे अडकले तर पहिले ईमेलवर मागा, फोनवर नाही, मग कंपनी ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार द्या.

मोठं नाव आहे म्हणून निवांत राहू नका. ऑनलाइन शिकवणीवाली बायजूज २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची कंपनी समजली जायची आणि जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. अशी कंपनी विकायला निघाली तर पैसे वाटायचा क्रम ठरलेला असते, कर्मचाऱ्यांचा पगार त्यात येते पण रांग मोठी असते. पीएफचा पैसा मात्र त्या वाटणीच्या बाहेर, तो तुमचाच राहते. म्हणून प्रश्न ६ मध्ये पीएफवर एवढं लिहिलं.

९. कंपनी बंद पडली तर रेझ्युमेवर डाग लागते का?

नाही लागत. इंटरव्ह्यूत विचारतात, पण "बंद पडली" हे उत्तर आता सगळ्यांच्या ओळखीचं आहे. मला तिसरी नोकरी मिळाली ती त्याच बंद पडलेल्या कंपनीतल्या एका सिनियरमुळे, तिनं माझं काम पाहिलं होतं म्हणून नाव सुचवलं.

खरा त्रास कागदाचा होते. नवीन कंपनी बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन करते अन जुन्या कंपनीचा फोन लागत नाही, ईमेल बंद, एचआर दुसरीकडं गेलेली. म्हणून चालू नोकरीतच दर महिन्याची सॅलरी स्लिप स्वतःच्या ईमेलवर ठेवा, ऑफर लेटर, अपॉइंटमेंट लेटर, फॉर्म १६, पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट ठेवा. बंद व्हायची कुणकुण लागली का रिलीव्हिंग आणि अनुभवपत्र आधी सही करून घ्या. कंपनीच्या फायली, कोड, ग्राहकांच्या याद्या मात्र घरी आणू नका, ते तुमचं नाही.

१०. २ वर्षांचा बाँड अन ओरिजिनल मार्कशीट मागून राहिले. देऊ का?

मार्कशीट देऊ नका. पाहून, झेरॉक्स घेऊन परत द्या म्हणावं. ओरिजिनल ठेवणारा पुढं अडवणारच.

बाँडचं थोडं किचकट आहे. नोकरी सोडल्यावर दुसऱ्या कंपनीत जायचंच नाही अशी अट १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे टिकत नाही. पण नोकरी चालू असताना अमुक वर्षं राहीन, नाही राहिलो तर अमुक रक्कम भरीन, हे टिकू शकते. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका सरकारी बँकेच्या अधिकाऱ्याचा २ लाखाचा बाँड योग्य ठरवला. म्हणजे "बाँड कोर्टात टिकत नाही" असं जे मित्र सांगतात ते अर्धंच खरं. रक्कम वाजवी आहे का, ट्रेनिंगवर खरंच खर्च झाला का, हे पाहिलं जाते. २०-२२ हजार पगाराला ३ लाखाचा बाँड असेल तर सहीच करू नका.

११. दीड वर्षात ३ स्टार्टअप बदलले. आता कोणी घेत नाही.

एक बंद पडली, एकीनं पगार दिला नाही, असं कारण असेल तर तसंच सांगा, खपते. पण तिन्ही स्वतः सोडल्या असतील तर आता जी मिळेल तिथं २ वर्षं टिका. काम सुरू झाल्यापासून त्याचा परिणाम दिसेपर्यंत एक वर्ष जाते, ते न पाहता निघालात तर सांगायला गोष्टच राहत नाही.

१२. स्टार्टअपमधून परत मोठ्या कंपनीत जाता येते का?

येते, पण पदाचं नाव आड येऊ शकते. २४ व्या वर्षी कोणाच्या कार्डावर "हेड ऑफ ऑपरेशन्स" असते, हाताखाली दोन जण. मोठ्या कंपनीत तेच काम सिनियर एक्झिक्युटिव्हचं असते. पोट्टे ते कमीपणाचं समजून नकार देतात अन ६ महिने घरी बसतात. पद सोडा, पगार अन काम पाहा.

रेझ्युमेत "सगळं केलं" असं लिहू नका. स्टार्टअपमध्ये आपण कॉल घेतो, एक्सेल करतो, डिलिव्हरीवाल्याशी भांडतो, ऑफिसचं पाणी पण मागवतो. त्यातलं एकच काम निवडा अन आकड्यात लिहा, रोज किती ऑर्डर, किती तक्रारी, किती दिवसांत सोडवल्या. मोठ्या कंपनीतली माणसं एकाच कामाचा माणूस शोधत असतात.

१३. इंग्रजी कच्चं आहे, मराठी मीडियम. स्टार्टअपमध्ये चालेल का?

बोलणं चालून जाते, लिहिणं नाही. स्टार्टअपमध्ये दिवसभर चॅटवर अन ईमेलवर काम चालते, म्हणून रोज ४ ओळी लिहायची सवय करा, ३ महिन्यांत फरक पडते. अन आपली भाषा कामाची आहे. ज्या कंपन्यांना गावात गिऱ्हाईक पाहिजे त्यांना शेतकऱ्याशी वऱ्हाडीत बोलू शकणारा माणूस मिळत नाही. माझी पहिली नोकरी त्याच्यावरच लागली.

१४. मी आई आहे. पोरीला पुण्यात स्टार्टअपमध्ये पाठवावं का? रात्रीपर्यंत थांबवतात म्हणे.

काकू, पाठवा, पण काही विचारून घ्या. १० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी २०१३ च्या कायद्याप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती असावीच लागते. पोरीनं पहिल्याच आठवड्यात विचारावं, समितीत कोण आहे, नाव अन ईमेल काय. ज्या कंपनीला नावं सांगता येत नाहीत तिथं बाकी गोष्टीही ढिल्या असतात, हा माझा अनुभव आहे. १० पेक्षा कमी माणसं असली तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं करता येते. उशीर झाला तर गाडी कंपनी देते का, हे ऑफर घ्यायच्या आधीच विचारावं.

आणि काकू, तिला एवढं सांगून ठेवा, पगार नाही आला तर पहिल्याच महिन्यात घरी सांग. मी सांगितलं नव्हतं.

१५. एमपीएससीची तयारी सोडून जाऊ का दोन्ही सोबत करू?

स्टार्टअप अन एमपीएससी सोबत होत नाही, मी एकही जण पाहिला नाही ज्याचं झालं. राज्यसेवेला खुल्या गटात ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ पर्यंत वय चालते, म्हणून लोक "अजून वेळ आहे" म्हणत राहतात, पण खाजगीत ३० नंतर शून्य अनुभवानं घुसणं खरंच अवघड आहे. आपल्याच मनाशी एक साल ठरवा, त्याच्या आधी पास नाही झालो तर नोकरी, अन ते साल घरच्यांना सांगून टाका. अभ्यास वाया जात नाही, एमपीएससीवाल्यांची बसायची ताकद अन वाचून समजून घ्यायची सवय कामात दिसते.

१६. सोयरीक जुळवताना स्टार्टअप म्हटलं का लोक मागं सरकतात.

हो, सरकतात. ज्याच्या पोरीचं आयुष्य आहे तो विचारणारच. कंपनीचं नाव सांगून भागत नाही, पीएफ पासबुक अन ३ वर्षांचे फॉर्म १६ दाखवा. वावर, नोकरी, कर्ज सगळं खरं सांगा.

१७. गावातच राहून ॲग्री स्टार्टअपमध्ये फिल्ड ऑफिसरची नोकरी मिळून राहिली. घेऊ का?

हा प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत सगळ्यात जास्त येते, आणि यावर कोणी नीट सांगत नाही.

चांगलं असं, का घर सुटत नाही, खर्च कमी, प्रश्न ३ मधला हिशोब तुमच्या बाजूनं होते. शेतीतलं माहीत असते, बोंडअळी काय, येलो मोझॅक काय, कोणाला शिकवावं लागत नाही. कृषी पदविकावाल्या पोरांना मी घ्या म्हणते.

पण शहरातल्या नोकरीत कंपनी बुडाली तर तुमचा पगार बुडते. इथं तुमचा शब्द बुडते. आर्णीकडचा एक पोरगा आहे, त्यानं कंपनीच्या सांगण्यावरून ६० शेतकऱ्यांकडून माती तपासणी अन सल्ल्याचे पैसे गोळा केले, काहींनी त्याच्याच फोनवर पाठवले, त्यानं पुढं कंपनीला दिले. हंगामाच्या मध्येच कंपनीनं विदर्भातलं काम बंद केलं. शेतकरी कंपनीकडं कुठं जाणार, ते त्याच्या दारात आले. त्यात त्याचे मामा होते, शाळेचे गुरुजी होते. बिचाऱ्यानं दोन वर्षं थोडे थोडे करून स्वतःच्या खिशातून परत केले. कोणी त्याला चोर म्हटलं नाही, पण पोळ्याला तो दोन वर्षं घराबाहेर निघाला नाही.

म्हणून, पैसे कधीही स्वतःच्या फोनवर किंवा हातात घेऊ नका, थेट कंपनीच्या खात्यात अन पावती शेतकऱ्याच्या नावानं. भावाचा शब्द देऊ नका, "कंपनी कापूस या भावानं घेईल" हे कंपनीनं लिहून द्यावं, तुम्ही धुऱ्यावर उभं राहून नाही. घरी माल ठेवायला सांगितला तर सरळ नाही म्हणा, बियाणं, खत, कीटकनाशक विकायला परवाना लागते, धाड पडली तर तुमच्या घरावर पडेल. गाडी तुमची असेल तर किलोमीटरमागं किती अन किती दिवसांत मिळणार ते लेखी घ्या, मी पाहिलेल्या भांडणांपैकी अर्धी पेट्रोलची आहेत.

आणि टार्गेट. कोरडवाहूत खरी विक्री मे ते ऑगस्ट. महिन्याला सारखं टार्गेट देणारी कंपनी शेती समजलेली नाही, फेब्रुवारीत कोण काय घेणार? मार्च-एप्रिलमध्ये जॉइन झालं तर शिकायला वेळ मिळते अन हंगाम हातात येते. सप्टेंबरला घेतलं तर पहिले ४ महिने टार्गेट चुकतातच अन तेच कारण दाखवून काढतात.

१८. मालक म्हणते, "तू आपला माणूस आहेस, सध्या अर्धा पगार घे, बाकीचे शेअर देतो." काय करू?

आपला माणूस म्हटलं का आपल्याले नाही म्हणता येत नाही, ही आपल्याकडची गोष्ट त्यांनाही माहीत असते. रागावू नका, पण तीन गोष्टी मागा. हे अर्धं किती महिन्यांसाठी, त्याची शेवटची तारीख. शेअर किती अन कितीतले (प्रश्न ७), आणि त्याचं ग्रँट लेटर, तोंडी किंवा व्हॉट्सअपवर नाही. अन संस्थापक स्वतः किती पगार घेऊन राहिले, कारण त्यांनी स्वतःचा पगार शून्य केला असेल तर गोष्ट वेगळी आहे.

तिन्ही मिळालं आणि घरी ६ महिन्यांचा दम असला तर विचार करा. मी स्वतः तिसऱ्या कंपनीत २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ३ महिने ७० टक्के पगारावर काम केलं, पत्रात तारीख होती, चौथ्या महिन्यात पूर्ण पगार आला अन मागचा फरक पुढच्या मार्चमध्ये मिळाला. दुसऱ्या कंपनीत तारीख विचारली तेव्हा मला सांगितलं होतं, "विश्वास नाही का तुझा?" तारखेच्या बदल्यात असं उत्तर मिळालं, तर त्याच रात्री रेझ्युमे काढा आणि घरी फोन करा.